जॉर्जियात गाडी चालवताना बायकोने कुठे बसावं

आमच्या जेसल पार्कच्या इमारतीत परदेशात जाऊन स्वतः गाडी चालवून आलेलं जोडपं आम्हीच. त्यामुळे हल्ली कोणी युरोपात नाहीतर आखातात निघालं की आधी आमच्या दाराची बेल वाजते. मी चहा ठेवते आणि सांगायला लागते. इंटरनॅशनल परमिट आरटीओतून मिळतं, पण मूळ लायसन्सही बरोबर ठेवा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, टायरसुद्धा सोडू नका. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, डोंगरात नेटवर्क नसतं. उगाच हॉर्न वाजवू नका, आपण शिवी दिल्यासारखे लोक बघतात. एवढं घडाघडा सांगून झालं की हमखास प्रश्न येतो, "आणि डावं-उजवं? सगळं उलटं, म्हणजे गोंधळ होत असेल ना?" होतो. पण आमचा कसला गोंधळ झाला ते मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही. मी म्हणते, दोन दिवसांत सवय होते, आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवते.

आम्ही गेलो होतो जॉर्जियाला. अमेरिकेतलं नव्हे, रशियाच्या खाली डोंगरांत एक छोटा देश आहे, तो. तिकिटं मुलीने काढली, कारण बंगळूरहून फोन केला की तिला आमच्या घरातली शांतता ऐकवत नव्हती. त्या शांततेला कारण होतं. हे टेलिफोन खात्यातून रिटायर झाले आणि त्यांनी एकच धोशा लावला, की भाईंदरचा फ्लॅट बंद करायचा आणि देवगडजवळच्या गावी जाऊन राहायचं. तिथल्या घराचे दोन खण ह्यांच्या वाट्याचे, बाकीच्या घरात धाकटा भाऊ. मी तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिलेली बाई. मला माणसांची ये-जा लागते, गावात मी कुणाशी बोलणार? नारळांशी? एकदा जेवताना माझा पारा चढला आणि मी बोलून गेले, "तुम्हाला जायचं तर खुशाल जा. मी इथेच मरेन."

तीन दिवस ते वाक्य मला खात होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे खाडीवर फिरायला गेलो, बाकावर बसलो, आणि मी सगळा ताठा गिळून म्हणाले, "परवाचं मनावर घेऊ नका. तुम्ही म्हणाल तिथे येईन मी." आयुष्यात मी इतकी कुणापुढे वाकले नव्हते. हे पाण्याकडे बघत राहिले. बराच वेळ गेला. मग उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "चल, दूध घ्यायचंय."

दूध! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यानंतर गावाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मी तर मुळीच काढणार नव्हते. भावाशी फोनवर बोलायचे, मी खोलीत आले की "ठेवतो रे" म्हणायचे. सहा महिने हे असंच चाललं. मी मनाशी पक्कं धरलं की हा माणूस एकटा जायची तयारी करतोय, आणि माझ्या माघारीला याच्या लेखी काडीची किंमत नाही. साठीला आलेल्या बाईला नवरा सोडून जातो तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगायचं असतं, याचासुद्धा मी विचार करून ठेवला होता.

सहलीची तयारी मात्र जोरात झाली. ह्यांचा इथल्याच डोंगरी गावचा एक मित्र आहे, आखातात वर्षानुवर्षं ट्रेलर चालवलेला. तो सुके बोंबील घेऊन आला आणि सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाला, "काय घाबराचा न्हाय. येकच ध्यानात ठेव. डायवर नेमी मदल्या पट्ट्याकडं, बायको गटाराकडं. बायको मदल्या पट्ट्याकडं आली का समज चुकला." मी गटाराकडं, हे ऐकून ह्यांना फार हसू आलं. मी ते वहीत लिहून घेतलं, कारण सल्ला बरोबर होता.

मग ह्यांनी घरातच सराव सुरू केला. हॉलमध्ये शेजारी शेजारी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, समोर टीव्हीवर तिथल्या रस्त्यांचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ. हे डाव्या खुर्चीवर, हातात स्टिअरिंग म्हणून जेवणाचं ताट. मी उजव्या खुर्चीवर वही घेऊन. समोरच्या ब्लॉकमधली गुजराती शेजारीण विरजण मागायला आली आणि दारातच थबकली. "भाभी, ये क्या चल रहा है?" मी म्हणाले, "जॉर्जिया चल रहा है." ती विरजण न घेताच गेली.

पण त्या खुर्च्यांवरही काहीतरी बिनसलेलं होतं. मी म्हणायची, "आता उजवीकडे," आणि ताट सरळच. पुन्हा म्हणायची, तरी सरळ. शेवटी मी विचारलं, "सांगितलेलं करायचं नसेल तर मला बसवलंय कशाला?" तर माझ्याकडे वळून म्हणतात, "कधी सांगितलंस?" मला तो टोमणाच वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्च्या उचलून गॅलरीत ठेवल्या आणि म्हणाले, पुरे झाला सराव.

तिबिलिसीला, म्हणजे तिथल्या राजधानीत, गाडी हातात आली आणि पहिल्याच चौकात ह्यांनी वळायचं म्हणून स्टिअरिंगजवळची दांडी खाली केली तर कडकडीत उन्हात वायपर फिरायला लागला. तिथे दांड्यासुद्धा उलट्या. मी प्रवासभर उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते, कारण आपल्याकडे ज्या जागेवर ड्रायव्हर बसतो तिथे मी बसले होते. एवढ्याची वहीत नोंद होती, ते मी धरून चालले होते. रस्त्यात मध्येच गायी बसलेल्या दिसल्या तेव्हा तर उलट जीवात जीव आला.

वहीत नव्हतं ते वेगळंच. फोनचा स्टँड काचेला चिकटेना, म्हणून फोन माझ्या मांडीवर. फोनमधली बाई सांगायची, तिच्यामागून मी सांगायची, आणि हे आपले सरळ निघालेले, खिडकी अर्धी उघडी, केस उडतायत. चूक झाली की म्हणायचे, "आधी सांगत जा ना." मी दोनदा सांगितलेलं असायचं. मला ओरडून बोलायची सवय नाही. काउंटरवर माणूस आपल्या आजाराचं हळू आवाजात विचारतो, आपणही हळूच उत्तर देतो, त्यात माझा आवाज बसून गेलेला. पण माणूस तर जेमतेम हातभर अंतरावर!

आधी वाटलं, सूड घेतायत. मग वाटलं, विसरायला लागलेत की काय. तसल्या माणसांची औषधं मी बांधून दिली आहेत, सुरुवात कशी होते ते मला माहीत आहे. पण संध्याकाळी हॉटेलात जेवायला समोरासमोर बसलो की हे सगळं नीट बोलायचे, गंमत करायचे, सकाळच्या एकेका वळणाची आठवण सांगायचे. म्हणजे डोकं शाबूत होतं. हॉटेलात नवरा आणि गाडीत परका, हे काय गौडबंगाल, मला काही उमजेना. मी रात्री झोपण्यापूर्वी मुलीला मेसेज लिहिला, "मजा येतेय," आणि पाठवला.

तिसऱ्या दिवशी डोंगराचा रस्ता होता. एका बाजूला दरी, पुढे रशियाकडे निघालेल्या ट्रकांची रांग. मला वाटलं, आता घरी गेल्यावर विचारण्यात अर्थ नाही, इथेच विचारावं, म्हणजे निदान कुणी ओळखीचं बघायला नसेल. मी समोर बघत म्हणाले, "तुम्ही एकटे गावाला जाणार आहात का? काय असेल ते सांगून टाका. मला पुढचं बघायला हवं." हे म्हणाले, "केवढा मोठा ट्रक आहे बघ."

मी खिडकीकडे तोंड करून रडले. रडता रडता फोनकडे बघितलंच नाही, फाटा चुकला, आणि आम्ही खडीच्या रस्त्याने जात जात एका घराच्या अंगणात पोचलो. पुढे रस्ताच नव्हता. मधमाश्यांच्या पेट्या मांडलेल्या आणि एक म्हातारी आमच्याकडे बघत उभी. हे म्हणाले, "सांगायचं नाही का?" झालं. मी दार उघडून उतरले, "मागे बसते मी, चालवा तुम्ही," म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन आदळले. उजवीकडे बॅगा होत्या, म्हणून डावीकडे, ह्यांच्या अगदी पाठीमागे. गारठा होता, ह्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मी स्वतःशीच पुटपुटले, "यापेक्षा दगडाशी संसार केला असता."

"दगडाने तुला एवढं फिरवलं नसतं," हे म्हणाले.

मी जे तोंडातल्या तोंडात बोलले ते ह्यांना कळलं होतं, आणि सकाळपासून जे स्पष्ट विचारत होते ते नाही. मी बॅगांवर ओणवी झाले, उजव्या बाजूला सरकले आणि तेवढ्याच आवाजात म्हणाले, "तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय." काही नाही. हे गाडी मागे घ्यायच्या खटपटीत होते. मी परत डावीकडे आले. "बटण तुटलंय." ह्यांचा हात लगेच छातीवर गेला.

दुकानात येणारा माणूस डोकं कुठल्या बाजूला कलतं करतो त्यावरून मी ओळखायची याला कुठल्या कानाने कमी ऐकू येतं. आणि घरात? पंखा लागतो म्हणून ह्यांनी दोन वर्षांपूर्वी पलंगाची बाजू बदलून घेतली. रस्त्याने चालताना मला नेहमी स्वतःच्या डाव्या हाताला घेतात, मला वाटायचं मला सांभाळतायत. आपल्याकडच्या गाडीत तर मी डावीकडेच असते.

"कधीपासून?" मी विचारलं.

ह्यांनी गाडी बंद केली. मला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. "दोन वर्षं झाली. मीरा रोडला दाखवलं एका डॉक्टरला. उजव्या कानाची नस गेलीय म्हणाले, परत येणार नाही."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू गाडीची किल्ली काढून घेतली असतीस." ते खरं होतं, मी घेतली असती. "इथे तू या बाजूला बसणार हे तिकिटं काढली तेव्हा डोक्यातच आलं नाही माझ्या. खुर्च्या मांडल्या तेव्हा आलं."

आणि मग मला बाक दिसला. खाडीवरचा. त्या संध्याकाळी बाकाच्या डाव्या टोकावर पाखरांनी घाण केली होती, म्हणून मी वळसा घालून ह्यांच्या उजवीकडे जाऊन बसले होते. मी विचारलं, "त्या दिवशी खाडीवर मी काय म्हणाले, आठवतंय?"

"काही म्हणाली होतीस?" हे पुरते मागे वळले. "मी तर वाट बघत होतो. म्हटलं, आज ही काहीतरी बोलेल. किती वेळ बसलो आपण. मग म्हटलं, हिला नाही यायचं, तर नको. हिला ओढत नेऊन मी काय गावाला सुखाने राहणार आहे?"

"मग फोनवर काय चालायचं भावाशी?"

"तेच. आमचं येणं होत नाही, तुझ्या मुलाला वापरू दे म्हटलं. तो बायकोला घेऊन आला पण राहायला. नवीन ओटा घातलाय त्यांनी." हे सगळं त्यांनी बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा आवाजात सांगितलं. "त्यांना आता उठा कसं म्हणणार?"

म्हातारी मधाची बरणी घेऊन काचेपाशी आली, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि तशीच परत गेली. मला काय वाटत होतं ते सांगणं अवघड आहे. हा माणूस मला सोडून जाणार नव्हता, याने छातीवरचं ओझं उतरलं होतं. त्यात तो माझ्यासाठी गाव सोडून बसला होता. आणि मला गाव नको होतं, म्हणजे मला हवं तेच झालं होतं, मग रडायला का येत होतं? मी गप्प राहिले असते तर त्यांना कधीच कळलं नसतं. पण सहा महिने मी ज्या माणसाला मनात दोषी धरलं, त्याच्यापासून आता मी काही लपवायचं, हे मला जमेना.

मी सांगितलं. बाकावर बोलले होते तेच शब्द, डाव्या कानाशी.

हे पुढे वळून बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी बंदच. या वेळी ऐकू गेलं होतं, मानेवरून दिसत होतं. रागावले असते तर मी भांडले असते, मला ते जमतं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अगं, खांद्याला हात लावून सांगायचंस ना."

त्या बाकावर आमच्यात वीतभर अंतर होतं. बत्तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याच्या खांद्याला हात लावायला मला काय झालं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.