धुराबाहेरची खोली

ते कुठेही पोचले की आधी चिमूटभर माती उचलून बोटांतून सोडत. ती कुठे उडते ते पाहत आणि मगच बूड टेकत. "वारा बघल्याबिगर बसायचं न्हाय," म्हणत. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. आमच्या कचेरीत त्यांना चक्रम म्हणत.

सत्तरच्या दशकात मी भिवंडीला वनखात्यात कारकून होतो. ते दिघाशीचे, जंगलाचे रखवालदार. एका उन्हाळ्यात अंबाडीपलीकडच्या डोंगराला वणवा लागला. साहेबांनी ओढ्याकाठच्या खोलगट जागेत तंबू ठोकला. तिथे सावली होती, जीप पोचत होती. माणसं हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपून येत आणि तंबूत आडवी होत. पण डोंगरावरचा धूर उतरून तिथेच साचे. तंबूत हजेरी लिहिताना मला रजिस्टरातल्या ओळी दिसेनात. तिसऱ्या दिवशी एक मजूर ओकून बेशुद्ध पडला.

तेव्हा हे रखवालदार साहेबांकडे गेले. "आगीपाशी धूर खाल्ला तो ड्युटीचा. इकडं पडल्यावर कशाला खायचा, साहेब?"

"आग विझवू की तंबू हलवत बसू?" साहेब तडकले.

"मग घटकाभर आत बसून बघा."

साहेब हट्टाने नकाशा घेऊन आत बसले. पाव तासात खोकत बाहेर आले. "कुठं जायचं ते सांगा," एवढंच म्हणाले.

वर माळावर गावच्या शाळेची खोली सुट्टीमुळे रिकामी होती. धूर तिच्या उलट दिशेला जात होता. रखवालदारांनी तिच्या डोंगराकडच्या खिडक्या लावून फटींत ओली गोणपाटं कोंबली. बिड्यांना बंदी केली. साहेबांनाही सिगारेटसकट दारातून परत पाठवलं, "भायेर, साहेब." माणसांच्या पाळ्या लावल्या, थोडा वेळ आगीवर, मग खोलीत. त्या दुपारी मला खोकण्याऐवजी घोरणं ऐकू आलं. वणवा विझला तेव्हा सगळे आपल्या पायांनी घरी गेले, ओकलेला मजूरसुद्धा.

ते स्वतः मात्र खोलीत पाळी घेत नसत. मी विचारलं तर म्हणाले, "माझी छाती जुनी हाय. तिला सवय हाय."

सवय नव्हती. दोन वर्षांत दम्याने त्यांची नोकरी सुटली. मी दिघाशीला भेटायला गेलो, तर त्यांच्या बायकोने चूल घराबाहेर, भर उन्हात अंगणात मांडली होती. ती भाकऱ्या थापत होती आणि ते धापा टाकत तिच्यावर छत्री धरून उभे होते.

"घरात धूर नको म्हणून भायेर आले," ती मला म्हणाली, "तर हे माझ्यामागं इकडं."

तिच्या खांद्यावर ऊन आलं होतं. त्यांनी छत्री थोडी तिकडे कलती केली.