कोण मेलं दार उघडं टाकून गेलं?

"कोण मेलं दार उघडं टाकून गेलं?"

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत ही हाक चौथ्या मजल्यावरून लिफ्टच्या पोकळीत घुमायची. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट. दार नीट ओढलं नाही की जागची हलत नाही. तुमच्याही इमारतीत असेल असं कोणी ओरडणारं. आमच्याकडे ताई होत्या, मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत संशोधक. आणि ते 'मेलं' बहुतेक मीच असायचो.

आमची मुलगी दोन महिन्यांची असताना तिला मधुमेह निघाला. एवढीशी मांडी, आणि तिच्यात रोज इन्सुलिनच्या सुया. मी ताईंपुढे रडलो. म्हटलं, "माझंच पाप, ताई. जन्मभर जिलब्या हाणल्या."

"जनुकं काय हलवायाच्या दुकानात बसतात? उगाच भाव खाऊ नकोस. रिपोर्ट दाखव."

तपासणीत एका जनुकात बिघाड सापडला होता. अशा काही बाळांना सुईऐवजी गोळी चालते. पण नेमका हा बिघाड आधी कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून डॉक्टर बिचकत होते. ताई त्यांच्याशी बोलल्या आणि मला लिफ्टपाशी घेऊन आल्या.

"हे बघ. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीला बारीक दारं असतात. साखर आली की ती मिटायला हवीत, तरच इन्सुलिन बाहेर पडतं. तुझ्या पोरीची मिटतच नाहीत. बापावर गेलीय."

प्रयोगशाळेत त्यांनी तोच बिघाड मुद्दाम पेशींत घातला आणि त्यांच्यावर त्या गोळीतलं औषध सोडलं. इकडे मी दिसेल त्या देवाला नवस बोलत होतो.

एका संध्याकाळी पोकळीतून आवाज आला, "अरे ए! मिटलं रे दार!"

"मग लिफ्ट खाली सोडा की!" दुसऱ्या मजल्यावरचे काका ओरडले.

डॉक्टरांनी मुलीला दाखल करून घेतलं, जपून गोळी सुरू केली आणि हळूहळू सुया सुटल्या. गोळी तरी कुठली? माझ्या वडिलांच्या डब्यातलीच, म्हाताऱ्यांच्या मधुमेहाची. मी ताईंच्या पाया पडायला वाकलो.

"पाया कसला पडतोस? दार लाव आधी."

मागच्या वर्षी ताई गेल्या. तेव्हापासून मी दार दोनदा ओढून बघतो. परवा मात्र खाली उतरलो आणि पिशव्यांच्या नादात विसरलो. वरून आवाज आला. बारीक, पण सूर तोच चढा.

"कोण मेलं दार उघडं टाकून गेलं?"

मुलगी वर लिफ्टसाठी खोळंबली होती, तिला शाळेला उशीर होत होता. तरी मी लगेच दार लावलं नाही. म्हटलं, अजून एकदा ओरडू दे.