टाच टेकत नव्हती

आमचं घर वडगावातलं, साड्या विणणाऱ्यांचं. पुढच्या खोलीत दोन माग, आणि उरलेल्या जागेत सगळीकडं सूत पसरलेलं. त्यामुळं लेक पायाच्या बोटांवर चालायला लागली तेव्हा घरात कौतुकच झालं. "लई शहाणी हाय, सुतावर पाय देत न्हाय," सासूबाई येईल त्याला सांगायच्या. मीही फुशारून जायची. डोंबलाची शहाणी. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

सहा वर्षांची झाली तरी तेच. पळताना तोंडावर पडायची. पोरं 'कोंबडी' म्हणायची, म्हणून मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायची. हे मला शाळेतल्या बाईंनी सांगितलं, तिनं नाही. माझा स्वभाव तापट, मी तिच्यावरच डाफरले. टाचा टेकून चाल की गं, दिवसातनं दहादा.

एका रविवारी न्हाऊ घालायच्या आधी तेल लावताना तिची टाच धरून फरशीवर दाबली. टेकेना. जोर लावला तसा गुडघा वाकला, टाच काही खाली आली नाही. चिकोडीला नणंदेच्या शेजारचं एक लेकरू असंच चालायचं, आणि पुढं त्याचं चालणंच सुटलं.

बेळगावातल्या डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसवलं. "हात न टेकता ऊठ बघू." ते तिच्या हातांकडं टक लावून बघत होते, मांड्यांना धरून उठते का ते. ऊठ गं बाई, एवढं ऊठ.

ती उठली. डॉक्टर म्हणाले, पायात ताकद आहे, पण टाचेमागची शीर आखडलीय. आधी प्लास्टर, मग व्यायाम. मी सुताचं सांगितलं, तर म्हणाले, सुतामुळं असं होत नाही, पण तुम्ही उशीर केलात. पूर्ण टेकेल का, ते आत्ता सांगता येणार नाही.

"पाय दुखतात का हिचे?"

"न्हाय हो," मी बोलून गेले.

"दुखतात," लेक हळूच म्हणाली. "रोज."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

ती डॉक्टरांच्या टेबलाकडं बघत राहिली. "तू टाच टेक म्हणतीस. मी टेकती, पण ती टेकत न्हाय. मग तू ओरडतीस. मला तुझी भीती वाटती."