भावाच्या काळ्या काचा

माझा धाकटा भाऊ वेल्डर. चाळीस वर्षं त्याने ठिणग्यांपुढे काढली, पण त्याच्या दुकानात कधी कुणाचा डोळा दुखावला नाही. काम थांबेपर्यंत तोंडासमोरची काच हलवायची नाही, हा त्याचा एकच कायदा.

खग्रास ग्रहण आपल्यावरून जाणार हे कळल्यावर गल्लीचा भार त्याने आपणहून अंगावर घेतला. वेल्डिंगची सगळ्यात काळी काच आणली, तुकडे पाडले, पुठ्ठ्यात बसवले. घरोघर दरडावून आला की वर बघायचं तर काच डोळ्याला, शेवटपर्यंत. थोरल्या बहिणीलाही सोडलं नाही, माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. असल्याच मास्तरांच्या धाकाने मी दुसरीत शाळा सोडली होती.

खरा आटापिटा होता बायकोसाठी. भावजयीची नजर कडेकडेने विझत चालली होती. डॉक्टर म्हणाले, वर्ष निघालं तरी पुष्कळ. तिचं एकच म्हणणं होतं, भांडी काय, मी चाचपूनही घाशीन, तेवढं ग्रहण बघू दे.

दोन दिवस आधी शाळेतल्या बाई आल्या. चंद्राने सूर्य पुरता झाकला की तेवढी दोन मिनिटं काच काढायची, म्हणाल्या, नाहीतर काहीच दिसत नाही. भावाने मान डोलावली. त्या गेल्यावर मला म्हणाला, "ताई, विझली वाटते तीच ठिणगी डोळा घेते. आणि एकदा काढा म्हटलं की परत लावतंय कोण?"

मला पटलं. आम्ही कुणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवशी सगळी गल्ली आमच्या गच्चीवर. काचेत सूर्याची कोर बारीक होत गेली. भावजय लहान पोरीसारखी सांगत होती, आता नखाएवढी राहिली, आता दोऱ्याएवढी. मग तीही गेली. अंगाला गारवा लागला. काचेत नुसता अंधार. भाऊ सगळ्यांवर ओरडत होता, काढू नका. पलीकडच्या रस्त्यावर लोक आनंदाने किंचाळत होते आणि आम्ही शहाणी माणसं काचा दाबून उभी. भावजयीने माझा दंड असा आवळला की वळ उठले.

काचेत कोर परत आली तेव्हा ती मटकन खाली बसली.

"अहो," ती म्हणाली, "मला वाटलं, माझे डोळे आत्ताच गेले."

"कुणालाच दिसलं नाही गं," भाऊ म्हणाला. त्याला वाटलं, तेवढाच तिला धीर.

खाली रस्त्यावर लोक एकमेकांना काळ्या सूर्याभोवतीच्या पांढऱ्या झळाळीचं सांगत होते. ती कान देऊन ऐकत राहिली. मग विचारलं, "त्यांना कसं दिसलं?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी पायाकडे.

"काच काढायची होती," तो म्हणाला. "बाईंनी सांगितलं होतं मला."

ती उठली, कठडा धरून जिन्याकडे गेली. भावाने बाजूने हात पुढे केला. तिने तो धरला नाही, एकेक पायरी चाचपत उतरली.

हात तिला दिसला नसेल रे, असं मी त्याला म्हटलं.