न्हाणीमागचा मुळा

पत्नी गेल्यापासून वाडीचे शिंपणे माझ्याकडे आले आहे. विहिरीवरचा पायरहाट पायांनी ओढताना मांड्या भरून येतात, आणि पाण्याचा थेंबही ती वाया का जाऊ देत नसे ते कळते. गुहागरात तेव्हा घरोघरी हीच रीत होती. तांदळाचे धुवण गोठ्यात, भांड्यांचे पाणी केळींना, न्हाणीचे पाणी पन्हळीने मागच्या वाफ्यांत. त्या वाफ्यांत थंडीच्या दिवसांत ती मुळा लावी. पहिले मुळे वाणवळा म्हणून शेजारी जात, मग आमच्या ताटात येत.

एकोणीसशे तीसच्या आसपासच्या एका पौषात मला विषमज्वर झाला. मी माजघरात पडून असे. माझी अंथरुणे, धोतरे ती न्हाणीत धुई. शेजारी मात्र साधा ताप आहे असेच तिने सांगितले होते. खरे सांगितले असते तर आमच्या दारात कोणी उभे राहिले नसते. शेजारच्या काकू चिऱ्यांच्या गडग्यापलीकडून विचारीत, "पुस्तकं चावून चावून ताप चढलाय होय गो मास्तरांना?" आणि ती हसून वेळ मारून नेई.

एकदा दवाखान्यातले डॉक्टर घरी आले. हात धुवायला मागील दारी गेले ते तिथेच थांबले. पन्हळीतले पाणी कुठे जाते, हे त्यांनी दोनदा विचारले. मग त्यांनी समजावून सांगितले की हा रोग रोग्याच्या मळमूत्रातून, त्याच्या कपड्यांच्या पाण्यातून पसरतो. ते पाणी विहिरीपासून लांब खड्ड्यात चुना टाकून जिरवायचे, प्यायचे पाणी उकळायचे. त्या वाफ्यातले काहीही कच्चे कोणी खायचे नाही.

डॉक्टर गेल्यावर ती माझ्या उशाशी येऊन बसली.

"परवाच मुळे दिले मी काकूंकडे," ती म्हणाली. "त्यांची लेक आलीय बाळंतपणाला. दिवस भरत आलेत तिचे."

मी म्हणालो, त्यांनी धुऊन घेतले असतील. धुऊन भागत असते तर डॉक्टरांनी तसे सांगितले नसते का, एवढे तिला कळत होते. मला तापात तेही सुचले नाही.

ती तशीच उठून गेली. पुढचे तिने मला नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितले. काकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या. तिने रोगाचे नाव सांगितले आणि मुळे टाकून द्या म्हटले.

"दिलेला वाणवळा परत मागणारी तूच पहिली गो," काकू म्हणाल्या. मग तिचा चेहरा पाहून त्यांचा हात सुपातच राहिला. "कोशिंबीर केली होती. लेकीनंच खाल्ली सगळी. हल्ली तिला दुसरं काही रुचतच नाही."

इतके दिवस साधा ताप म्हणून का सांगितलेस, असे काकूंनी विचारले.

ताप यायचा असेल तर दोन-तीन आठवड्यांत येईल, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. तेवढे दिवस तिने कसे काढले, ते मी अंथरुणावरून पाहिले. वाफा तिने खणून टाकला. न्हाणीचे पाणी बादल्यांनी उचलून लांबच्या खड्ड्यात नेऊन ओतायची. पाणी उकळायला लाकडे लागत, तीही तीच फोडी. आणि रोज सकाळी गडग्यापाशी जाऊन एकच शब्द विचारी, "ताप?" पलीकडून उत्तर येई, "नाही."

एका सकाळी काकू म्हणाल्या, "आता विचारू नकोस. तू विचारलंस की दिवसभर मी तिच्या कपाळाला हात लावत बसते."

त्यानंतर ती विचारीत नसे. पोफळींत उभी राहून त्या मुलीचा आवाज ऐकू येतो का, तेवढे पाही आणि परत येई.

ताप आला नाही. मुलगी सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. मीही हळूहळू उठून बसू लागलो. ती वाळली होती, पण तिच्याकडे पाहायला तेव्हा कोणाला सवड होती? मलाही नव्हती.

चैत्रात ती मुलगी सासरी निघाली. दाभोळहून बोट धरायची होती, म्हणून बैलगाडी लवकर जुंपली होती. आमच्या वाडीच्या तोंडाशी, बेड्यापाशी तिने गाडी थांबवली आणि बाळ पुढे केले. माझी पत्नी जागची हलली नाही.

"लांबूनच बघते," ती म्हणाली.

"अगो, घे त्याला. आता काय होतंय?" काकू म्हणाल्या.

"आधी हात धुऊन येते."

"तुझे हात धुऊन होईस्तोवर मुंज होईल त्याची."

ती आत गेली. उकळलेल्या पाण्याने, राख लावून, कोपरापर्यंत हात धुतले तिने. गाडीवानाला बोट चुकायची धास्ती होती. ती बाहेर आली तेव्हा गाडी वळणाआड गेली होती.

ओले हात अंगापासून लांब धरून ती उभी राहिली. काकूंनी आपला पदर पुढे केला. तिने त्याला हात पुसले, अगदी सावकाश.