शेजारच्या सीटवरचा ब्रेक

इस्लामपुरात फियाटवर गाडी शिकवणारे लालासाहेब हवालदार पेट्रोल भरायला आले, की पंपावरच्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडत. हा गृहस्थ आधी मीटरच्या शून्यावर डोळे लावून उभा राहायचा, मग पाइप झटकून शेवटचा थेंब टाकीत पडेपर्यंत जागचा हलायचा नाही. एकदा तर पाच लिटरचा डबा आणून त्यांनी पंपाचं मापच तपासलं. माप बरोबर निघालं, तसा त्यांचा संशय डब्यावर गेला.

शहाण्णव साल होतं. फौजेत वीस वर्षं ट्रक हाकून लालासाहेब तीन वर्षांपूर्वी घरी आले होते. फंडाच्या पैशातून त्यांनी जुनी फियाट घेतली, टपावर शिकवणीची पाटी लावली आणि धंदा सुरू केला. मालक तेच, मास्तर तेच आणि सकाळी गाडी पुसणारेही तेच. पहिली दोन वर्षं बरं चाललं. पण गेलं वर्षभर गाडीला काय झालं होतं कोण जाणे. लिटरला बारा किलोमीटर जाणारी गाडी नवावर आली होती. ब्रेकचे लायनर तर असे झिजत, की जणू कुणी कानस घेऊन बसलंय. पावसाळ्यापर्यंत हे थांबलं नाही, तर गाडी विकून साखर कारखान्याच्या गेटवर दंडुका घेऊन उभं राहायचं, एवढंच हातात उरलं होतं. कामाची त्यांना लाज नव्हती. पण आज 'मास्तर' म्हणून नमस्कार करणारी माणसं उद्या त्याच गेटातून आत जाणार, हे त्यांना सोसणार नव्हतं.

कुणीतरी आपल्याला लुटतंय, याबद्दल त्यांची खात्री होती. फक्त कोण, एवढंच ठरत नव्हतं. आधी शेजारच्या लुनावाल्यावर संशय आला, म्हणून टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. पेट्रोल जायचं ते जातच राहिलं. मग शिकायला येणाऱ्यांवर नजर गेली. ही माणसं मुद्दाम चुकीचा गिअर टाकतात की काय, असंही त्यांना वाटून गेलं. शेवटी संशय फिरत फिरत येऊन बसला तो भाऊसोवर.

भाऊसो मिस्त्री हा लालासाहेबांचा फौजेतला सोबती. पेठ नाक्याच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. तवांगच्या चढावर लालासाहेबांचा ट्रक मागं घसरायला लागला, तेव्हा उडी टाकून चाकाखाली दगड सारणारा माणूस तोच. धंद्याच्या पहिल्याच महिन्यात शिकायला आलेल्या एका दुकानदारानं फियाट उसाच्या बैलगाडीत घातली होती. त्यानंतर भाऊसोनंच शेजारच्या सीटपाशी, मास्तरच्या पायाखाली, दुसरा ब्रेक बसवून दिला. मजुरी घेतली नाही. आता लालासाहेबांना त्या न घेतलेल्या मजुरीचाच वास यायला लागला. फुकट कोण काय करतं?

आदल्या खेपेला नवे लायनर बसवण्याआधी त्यांनी गुपचूप खिळ्यानं त्यांच्या कडेवर 'ला' कोरून ठेवला होता. भाऊसो दुसऱ्याच कुणाचं झिजलेलं लायनर आपल्याला दाखवतो, असा त्यांचा कयास होता. चैत्रात पुन्हा ब्रेक लागेनासे झाले आणि भाऊसोनं चाक खोललं.

"लाला, आठ म्हैन्यात तिसऱ्यांदा लायनर गेलं रं," भाऊसो म्हणाला. "ब्रेकच्या ड्रमला हात लावून बघ, चटका बसतोय."

लालासाहेबांनी ड्रमला हात लावला नाही. चष्मा पुसून त्यांनी लायनरची कड पाहिली. 'ला' जागच्या जागी होता. दुसऱ्या कुणाला यावर हायसं वाटलं असतं. लालासाहेबांना वाटलं, म्हणजे हा त्याहून पोचलेला आहे.

"आन् मागचा बल्ब?" त्यांनी विचारलं. "रातीला मी गाडी बाहेर काढत न्हाई. मग दर म्हैन्याला बल्ब जळतोय कसा?"

"त्येच मला उमजंना झालंय. येक दिवस तू शिकवताना मला मागं बसू दे. बघतो काय हुतंय ते."

"म्हंजी माझी गिऱ्हाइकं मोजायला?"

भाऊसोच्या हातातला पाना तसाच राहिला. लालासाहेबांनी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत.

"ब्रेक तूच आवळून ठिवतोस. लायनर खपावं म्हनून."

भाऊसोनं नवं लायनर बसवलं, चाक चढवलं, चारही नट आवळले आणि फडक्याला हात पुसून गाडीची किल्ली पुढं केली.

"गाडी न्हे लाला. परत हितं आनू नगंस."

त्यानंतर फियाट सांगलीच्या एका मिस्त्रीकडं जाऊ लागली. जाण्यायेण्याचं पेट्रोल अंगावर पडलं ते वेगळंच. दोन महिन्यांनी तोही म्हणाला, "हवालदार, ड्रम लय तापतायत." यावर शहाण्या माणसानं विचार केला असता. लालासाहेबांनी निष्कर्ष काढला, की सगळे मिस्त्री एकमेकांना सामील असतात. घरी येऊन ते तसं बायकोला म्हणालेही. राहीबाई भाकरी थापत होत्या. "भाऊसो भावजी बी?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि लालासाहेब जेवण अर्धं टाकून उठले. भाऊसोचं नाव निघालं, की हल्ली ते असेच ताटावरून उठत. राग होता की दुसरंच काही, ते त्यांना ठाऊक.

जूनमधली सकाळ. वल्लरी नावाची, सांगलीहून बदलून आलेली बँकेतली मुलगी तेव्हा शिकायला येत असे. ती गल्लीतून पहिल्या गिअरमध्ये गाडी नेत होती आणि शेजारी बसून लालासाहेब रोजचा पाठ देत होते.

"क्लचवर पाय टाकून बसू नगं. पाय कामापुरता. काम झालं की खाली. फुकट दाबून धरलं की मशीन झिजतंय."

"हो काका."

तेवढ्यात मागून हाका ऐकू आल्या. लालासाहेब पेट्रोलची डायरी घरी विसरले होते आणि राहीबाई ती घेऊन पदर सावरत पळत आल्या होत्या. गाडी थांबली. राहीबाईंनी खिडकीतून डायरी दिली आणि धापा टाकत म्हणाल्या, "आवं, लाल दिवा बघून मला वाटलं थांबताय. पर गाडी आपली चाललीच म्होरं."

"कसला लाल दिवा?"

"मागचा. रोजच लागतोय की गल्लीच्या टोकापातुर. मला वाटलं, शिकायच्या गाडीला त्यो लावूनच ठिवत्यात."

लालासाहेबांनी डोळे बारीक करून वल्लरीकडं पाहिलं. "तू ब्रेक दाबून गाडी चालवतीस व्हय?"

"नाही हो काका. माझा पाय ॲक्सिलरेटरवर असतो. बघा ना!"

त्यांनी खाली पाहिलं. खरंच होतं. मग त्यांची नजर हळूहळू अलीकडं सरकली. शेजारच्या ब्रेकवर एक पाय आरामात विसावला होता. त्या पायात फौजी बूट होता.

त्यांनी राहीबाईंना मागं उभं राहायला सांगितलं आणि वल्लरीला गाडी पुढं घ्यायला लावली. पाय उचलला.

"गेला!" राहीबाई ओरडल्या.

पाय रोजच्यासारखा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"लागला!"

चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा तेच. बैलगाडीच्या त्या दिवसापासून, ही माणसं आपल्याला खड्ड्यात घालणार म्हणून, त्यांचा पाय त्या ब्रेकवर होता. धीर सुटत गेला तसा पाय जड होत गेला. शिकणारा गाडी पुढं ओढायचा, हे मागं धरून ठेवायचे, आणि मधल्यामध्ये पेट्रोल, लायनर, बल्ब सगळं जळत होतं. भाऊसोही जळाला होता. लालासाहेबांना भर गल्लीत रडू आलं. त्यांनी चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

"पोरी, गाडी पेठ नाक्याकडं घे," ते म्हणाले. आणि पायावर आता त्यांचा विश्वास नव्हता म्हणून त्यांनी बूट काढले आणि सीटवर चक्क मांडी घातली. इस्लामपूरच्या बाजारातून हवालदार तसेच निघाले. लोक वळून बघत होते.

गॅरेजसमोर गाडी थांबली. भाऊसोनं एकवार त्यांच्या मांडीकडं पाहिलं आणि तो पुन्हा कामाला लागला.

"भाऊसो," लालासाहेब उतरून अनवाणीच त्याच्यापुढं उभे राहिले. "ब्रेक तू आवळला नव्हतास. पाय माझा हुता. तुझ्यावर आळ घेतला, चुकलं माझं."

भाऊसो उठला. गाडीच्या मागच्या चाकापाशी जाऊन खाली बसला आणि त्यानं ड्रमला हात लावला.

"गार हाय," तो म्हणाला. मग उठता उठता, "त्या दिशी मागं बसू दिलं असतंस, तर तवाच कळलं असतं."

"आता बस. मागं न्हाई, म्होरं बस. माझ्या जागी."

भाऊसोनं हात धुतले आणि तो पुढं बसला. लालासाहेब मागच्या सीटवर गेले. त्या सीटवर ते तीन वर्षांत कधी बसले नव्हते. वल्लरीनं गाडी काढली. ओढ्याच्या वळणावर समोरून साखर कारखान्याचा ट्रॅक्टर आला आणि तिनं जरा उशिरानंच स्टिअरिंग फिरवलं. लालासाहेबांचा पाय पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर घट्ट रुतला.

भाऊसोनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"लाला," तो म्हणाला, "पाय उचल."