हॅटवाल्याचा मोडलेला पाय

ऑस्ट्रेलियात कंट्री म्युझिक गाणाऱ्या यच्चयावत माणसांवर माझा राग आहे. त्यातल्या एकालाही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, एकाचीही सीडी कधी विकत घेतलेली नाही. तरी कोणाची दुसरी बायको काय करायची, कोणी दारू कधी सोडली आणि परत कधी धरली, कोणाचे पुढचे चार दात स्वतःचे नाहीत, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तर सांगता येईल. या माणसांपायी माझी दोन वर्षं वाया गेली. राग का असू नये?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. डोक्यावर रुंद काठाची हॅट, छातीशी गिटार, आणि गाण्यात गाव, धूळ, ट्रक, कुत्रा आणि सोडून गेलेली बायको. बायको का सोडून गेली असेल, ते दोन मिनिटं गाणं ऐकलं की कळतं.

मी ते आठवड्यातून तीन दिवस ऐकायची, ब्लॅकटाउनच्या एका सलूनमध्ये. पुण्या-मुंबईहून विमानं भरभरून विद्यार्थी येत होते तो काळ. घरी कधी पोळी न लाटलेली पोरं इथे शेफचा कोर्स करत होती, आणि माझ्यासारख्या पोरी केस कापायचा. सरकारच्या यादीत हे दोन्ही धंदे होते ना! कोर्स करा, नऊशे तास काम केल्याचं मालकाचं पत्र जोडा, पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायचा, अर्ज टाका, असा सरळ हिशेब होता. मी चिंचवडची, बी.कॉम. फर्स्ट क्लास. आई नातेवाइकांना सांगायची, मुलगी तिकडे मॅनेजमेंट करतेय. नातेवाईक ‘हो का, छान’ म्हणायचे.

सलूनची मालकीण साठीकडे झुकलेली होती. केस लिंबासारखे पिवळे, पायात उन्हाळा-हिवाळा काउबॉय बूट, आणि तोंडाचा पट्टा दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालू. रेडिओ एकाच स्टेशनला लावलेला, त्याच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही. गिऱ्हाइकं बहुतेक म्हाताऱ्या. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी यायच्या, केस धुऊन रोल लावून घ्यायच्या, ड्रायरखाली बसायच्या आणि कंट्रीवाल्यांची सालं काढायच्या. अमक्याने कोर्टात काय सांगितलं, तमकीने चेहरा कुठे ताणून घेतला. शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुटुंबाबद्दल बोलावं तशा त्या बोलायच्या. मी केर काढायची, टॉवेल धुवायची, डोकी धुवायची, आणि तोंड मिटून असायची.

तीन महिन्यांनी मालकिणीने मला मागच्या खोलीत बोलावलं. “डार्ल, तू बोलत नाहीस. बायकांना वाटतं तू रागावलेली आहेस.”

मी रागावलेलीच होते. फुकट राबत होते, पेरॉक्साइडने बोटांची सालं निघत होती, आणि वर हसायचं होतं. पण तसं सांगता येत नाही. मी म्हटलं, मला विषय सुचत नाहीत.

“विषय तर समोर आहे,” तिने रेडिओकडे बोट केलं. “केस कोणीही धुतं. हेअरड्रेसर म्हणजे बोलणारी बाई. न बोलणाऱ्या पोरीला मी पत्र कसं देणार?”

पत्र म्हणजे ते नऊशे तासांचं. त्या कागदावर सगळं अडलेलं होतं. आता दुसरी कोणी असती तर ती हळूहळू गप्पांत शिरली असती, हसली असती, ‘खरंच?’ आणि ‘अय्या’ करत राहिली असती. मला परीक्षा सोडून दुसरं काही येत नव्हतं. मी सलूनमधली जुनी मासिकं पिशवीत भरून टूनगॅबीच्या फ्लॅटवर आणली आणि अभ्यासाला बसले. दोनशे पानी वही केली. डावीकडे गायक, उजवीकडे लग्नं, आजार, भांडणं, ऑपरेशनं. महत्त्वाच्या गोष्टींखाली लाल रेघ.

नाशिकची माझी रूममेट कुकरीचा कोर्स करत होती आणि रोज एका हॉटेलात कांदे सोलून यायची. ती माझी उजळणी घ्यायची.

“तीन बायकांचा. दुसरी बायको काय करायची?”

“गुरांची डॉक्टर.”

“का सोडलं?”

“त्याने तिच्या बहिणीवर गाणं केलं.”

“करेक्ट. अगं, तू हे यूपीएससीसारखं करतेयस. इतकं करून सलूनवाली निदान पत्र तरी देऊ दे.”

पंधरा दिवसांत मी तयार झाले. एका म्हातारीचं डोकं धुताना ती कोणाच्या तरी घटस्फोटाचं साल आठवत होती, मी नळ बंद न करता सांगितलं. ती साबणाच्या फेसासकट उठून बसली. सगळं सलून हसलं. त्या दिवसापासून मालकिणीने माझा खेळ मांडला. नवं गिऱ्हाईक आलं की म्हणायची, “हिला विचारा. इंडियाहून आलीये, पण आपल्यापेक्षा जास्त माहितीये.” मग प्रश्न यायचे, मी उत्तरं द्यायची, टाळ्या पडायच्या. नंदीबैलासारखी मान हलवत उभी असायची मी. त्यांना माझ्या उत्तरांत रस नव्हता, माझ्या तोंडून ती येतात यातच गंमत होती. मला ते कळत होतं आणि मनातून मी एकेकीला शिव्या देत होते, पण एकही उत्तर चुकू देत नव्हते.

मालकीण मात्र खूश झाली. माझे नऊशे तास भरत नव्हते, कारण गिऱ्हाईक कमी असलं की ती मला अर्ध्या दिवसातून घरी पाठवायची. व्हिसा संपत आला तसा माझा जीव टांगणीला लागला. मी भीतभीत विचारलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “नो वरीज, डार्ल. मी तुला पूर्ण नऊशे लिहून देते. शुक्रवारी घेऊन जा.” मी त्या रात्री आईला फोन करून सांगितलं की काम झालं.

आता हॅटवाल्याबद्दल सांगायला हवं. हॅट सगळेच घालतात, पण हा मालकिणीचा होता. आरशाशेजारी त्याचा मोठा फोटो लावलेला होता. तिची गोष्ट अशी, की ती एकोणीस वर्षांची असताना, अगदी वाढदिवसाच्याच आठवड्यात, तिच्या गावच्या जत्रेत तो गायला आला. कार्यक्रमानंतर एका यूटच्या, म्हणजे मागून उघड्या छोट्या ट्रकच्या, मागच्या फळीवर दोघं बोलत बसले. त्याने विचारलं, माझ्याबरोबर येतेस का? तिची आई आजारी होती म्हणून ती नाही म्हणाली. तो निघून गेला. ही गोष्ट मी तिथे पंधरा-वीस वेळा तरी ऐकली. दर वेळी म्हाताऱ्या तितक्याच मन लावून ऐकायच्या आणि शेवटी सुस्कारा सोडायच्या. बाकी सगळ्या कलाकारांना त्या फाडून खायच्या, हॅटवाल्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढायचं नाही. त्याच्याबद्दलचा प्रश्नही मला कोणी कधी विचारला नाही. याचं मला नवल वाटायला हवं होतं. वहीत त्याचीही दोन पानं होती.

पत्राच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, एक नवी बाई आली. खुर्चीत दर गुरुवारची म्हातारी होती, पूर्वी शाळेची बस चालवायची ती. मी तिच्या केसांना रोल लावत होते. सकाळपासून मालकिणीने मला दोनदा खेळायला लावलं होतं, आणि दुसऱ्या वेळी माझ्या उच्चारांची नक्कलही करून दाखवली होती. बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या होत्या. मी आतून धुमसत होते. मग मालकिणीने नवीला हॅटवाल्याची गोष्ट सांगितली. आई आजारी, यूटची फळी, सगळं.

नवी बाई माझ्याकडे वळली. “तूच ना ती, सगळं माहीत असणारी? मग त्या वेळी त्याचं लग्न झालेलं होतं की नव्हतं?”

खोटं सांगणार नाही, त्या उत्तरात खुन्नस होती. पण निम्मी सवयही होती. प्रश्न आला की मला उत्तर देता येतं, आणि येत असलं की थांबवता येत नाही. जुलैमध्ये मालकिणीच्या साठाव्या वाढदिवसाचा केक मीच उचलून आणला होता, त्यामुळे तिचं एकोणिसावं वर्ष कोणतं ते काढायला बोटंसुद्धा मोजावी लागली नाहीत.

“झालेलं होतं,” मी म्हटलं. “पण त्या वर्षी जुलैमध्ये तो इथे नव्हताच. मे महिन्यात घोड्यावरून पडून त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. सप्टेंबरपर्यंत तो क्वीन्सलँडला पहिल्या बायकोच्या फार्मवर प्लास्टरमध्ये होता. त्या हिवाळ्यातले सगळे कार्यक्रम रद्द झाले होते.”

टाळ्या पडल्या नाहीत. रेडिओवर कोणीतरी ट्रकबद्दल गात होतं. मालकिणीच्या हातात रंगाची वाटी होती, ती घेऊन ती मागच्या खोलीत गेली. नवी बाई मासिकात तोंड घालून बसली.

बसवाल्या म्हातारीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस ती मला लव्ह म्हणायची, या वेळी तो शब्द नव्हता. “त्याचा पाय मोडला होता हे आम्हाला सगळ्यांना माहितीये,” ती हळू आवाजात म्हणाली. “त्या वर्षीच्या कार्यक्रमाची तिकिटं माझ्या नवऱ्याने परत केली होती. तुला काय वाटलं, आम्हाला महिने मोजता येत नाहीत?”

मी रोल लावत राहिले. एक रोल उलटा बसला, तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः नीट लावला. मला लाज वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त संताप आला. जगातल्या प्रत्येकाची लक्तरं टांगायची आणि आपलं तेवढं घडी घालून ठेवायचं, असं होतं तर मला आधी कोणी सांगायला नको होतं? ते वहीत कुठल्या पानावर लिहायचं असतं?

मालकीण दहा मिनिटांनी परत आली. लिपस्टिक नव्याने लावली होती. दिवसभर ती माझ्याशी व्यवस्थित बोलली, जाताना ‘सी यू टुमॉरो’ही म्हणाली. मला वाटलं, सुटले.

शुक्रवारी सकाळी पत्र तयार होतं. सलूनच्या छापील कागदावर, खाली सही, शिक्का. मी वक्तशीर आहे, माझा हात स्वच्छ आहे, गिऱ्हाइकांना मी आवडते, असं सगळं चांगलंच लिहिलेलं होतं. आणि प्रत्यक्ष कामाचे तास, सातशे त्रेचाळीस.

मी म्हटलं, “तुम्ही नऊशे म्हणाला होतात.”

“हो ना. मग काल घरी डायरी काढली आणि एकेक दिवस तपासला. तुला सगळं बरोबर लागतं ना, लव्ह.”

“माझा व्हिसा या महिन्याअखेरीस संपतोय. उरलेले तास आता भरणार नाहीत. तुम्हीच मला घरी पाठवत होतात.”

“तेही खरंय,” ती म्हणाली. मग तिने ड्रायरखालच्या दोघींना ऐकू जाईल अशा बेताने आवाज चढवला. “पण मग मी काय करू? खोटं लिहू?”

दोघींनी ड्रायरखालून डोकी बाहेर काढली. बसवाली म्हातारी त्यात नव्हती, तिचा दिवस गुरुवारचा. मालकीण हातात पेन घेऊन, भुवया उंचावून, माझ्याकडे बघत उभी होती. माझ्या उत्तराची ती खरोखरच वाट बघत होती.

“हो,” मी म्हटलं.

“काय म्हणालीस? मोठ्याने बोल.”

“हो. प्लीज, खोटं लिहा.”

तिने पेनाला टोपण लावलं, पत्राची घडी करून पाकिटात घातली, पाकीट माझ्या हातात दिलं आणि नुकत्याच आत आलेल्या बाईला विचारलं, “बोल डार्ल, आज काय करायचं?”